रक्तात लिहिलेले आणि वाचलेले

"त्याच्या रक्तातच आहे ते." हे वाक्य आपल्या मंडळ्यांत किती सहज बोलले जाते! सोयरीक जुळविताना ते बोलले जाते, पंचकमिटीच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी बोलले जाते, आणि शब्बाथ शाळेत एखाद्या मुलाने दोनदा खोटे सांगितले की त्याच्या माघारी शिक्षकही ते हळूच बोलतात. खाण तशी माती, बाप तसा बेटा. आपल्या भाषेने या समजुतीभोवती म्हणींचे चांगले कुंपण घालून ठेवले आहे. शिकलेल्या घरांत आता रक्ताच्या जागी 'जीन्स' हा शब्द आला, इतकाच काय तो फरक.

या वाक्याची गंमत अशी की, दुसऱ्याविषयी बोलताना तो आरोप असतो आणि स्वतःविषयी बोलताना ती सबब असते. "आमच्या घराण्यात सगळेच तापट" असे म्हणणारा मनुष्य क्षमा मागत नसतो. तो केवळ माहिती देत असतो. म्हणून प्रश्न साधा दिसला तरी साधा नाही. जे आपल्या पेशींत लिहिलेले आहे त्याने आपण किती बांधले गेलो आहोत, आणि आपल्या करणीचा जाब विचारायचा तो कोणाला? तत्त्वज्ञांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. आम्ही येथे एक अरुंद वाट धरणार आहोत. पेशी आपल्यातील लेख वाचते तरी कशी, आणि कोठून वाचायला लागायचे हे कसे ठरते, एवढेच आधी पाहू.

प्रथम एक किरकोळ गोष्ट. रक्ताला तांबडा रंग देणाऱ्या ज्या पेशी, त्या माणसामध्ये पूर्ण वाढ होताना आपले केंद्रकच टाकून देतात. त्यांच्यात वारशाचे एकही अक्षर उरत नाही. रक्तात वारसा आहे तो थोड्याशा पांढऱ्या पेशींपुरता. असो, म्हणीला शास्त्राने अडवू नये.

बाकीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मात्र डीएनएचा तोच संपूर्ण लेख असतो. त्याची एक प्रत सुमारे ३ अब्ज अक्षरांची आहे, आणि अक्षरे फक्त चार: ए, टी, जी आणि सी. त्यात प्रथिने बनविण्याची कृती सांगणारी जनुके सुमारे २० हजार. आईकडची एक आणि बापाकडची एक अशा दोन प्रती धरल्या तर हा धागा एका पेशीत दोन मीटर लांब भरतो. यकृताच्या पेशीत जो लेख आहे तोच डोळ्याच्या पेशीत आहे. तरीही यकृत पाहू शकत नाही आणि डोळा पित्त तयार करीत नाही. कारण प्रत्येक पेशी त्यातील काही भाग वाचते आणि बाकीचा बंद ठेवते. या वाचनाला शास्त्रात प्रतिलेखन म्हणतात. जनुकाची आरएनएच्या रूपात एक नक्कल निघते आणि त्या नकलेवरून पुढे प्रथिन बनते.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील जुन्या घराण्यांतील वाचकांनी मोडी कागद पाहिले असतील. वर एक सलग रेघ, तिला लोंबणारी अक्षरे, शब्दाशब्दांत जागा सोडलेली नाही. सगळी अक्षरे ओळखणारा मनुष्यही तेथे अडखळतो, कारण शब्द कोठे सुरू होतो हे कागद सांगत नाही. ते वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते. डीएनए हा असाच मोडी कागद आहे. आणि आरंभ चुकला तर काय होते? 'अन्याय' हा शब्द एक अक्षर सोडून वाचायला लागा, त्याचा 'न्याय' होतो. अक्षर एकही बदललेले नाही.

हा आरंभ कोण दाखवितो, याचा पहिला स्पष्ट धागा १९६९ साली हाती आला. आपल्या आतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूतील नक्कल काढणारे प्रथिन, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, शास्त्रज्ञ शुद्ध करीत होते. ते जितके अधिक शुद्ध झाले तितके एका बाबतीत अधिक बावळट झाले! वासराच्या डीएनएवर ते काम करी, पण टी-४ या विषाणूचा डीएनए समोर ठेवला की जवळजवळ स्वस्थ बसे. शुद्ध करताना काहीतरी गळून पडत होते. गळलेला भाग शोधून परत मिसळला तेव्हा काम पूर्ववत सुरू झाले. रिचर्ड बर्जेस, अँड्र्यू ट्रॅव्हर्स, जॉन डन आणि एकेहार्ड बाउट्झ यांनी त्या वर्षी हे प्रसिद्ध केले. त्या भागाला 'सिग्मा' हे ग्रीक अक्षराचे नाव मिळाले. नक्कल काढण्याचे काम सिग्मा करीत नाही. आरंभाच्या आधी सुमारे १० आणि ३५ अक्षरांवर ज्या खुणा असतात त्या ओळखायच्या, पॉलिमरेजला तेथे बसवायचे, आणि वाचन मार्गी लागले की बहुधा बाजूला व्हायचे, इतकेच त्याचे काम. उपासनेत गीताचा क्रमांक सांगून स्वतः खाली बसणाऱ्या वडिलांसारखे.

फाळणीपूर्व भारतात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांच्या कामात हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. १९६८ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले, आणि १९७० मध्ये त्यांच्या गटाने यीस्टमधील एका जनुकाची ७७ अक्षरे प्रयोगशाळेत जोडून ते संपूर्ण तयार केल्याचे जाहीर केले. जगात मोठा गाजावाजा झाला. पण त्या जनुकाला आरंभाची आणि शेवटाची खूण नव्हती. लेख होता, वाचन नव्हते. १९७६ मध्ये त्यांनी ई. कोलायचे दुसरे जनुक या खुणांसकट तयार केले, आणि ते जिवंत जीवाणूत जाऊन काम करू लागले. मधली सहा वर्षे केवळ अक्षरे वाढविण्यात गेली असे कोणी समजू नये. वाचले जाईल असे लिहिणे हे निराळेच काम आहे.

येथवर 'ओळखणे', 'दाखविणे', 'बावळट' असे शब्द आम्ही खुशाल वापरले. शास्त्रज्ञही म्हणतात की पेशी आरंभ 'निवडते'. या 'निवडते' शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आमच्या प्रश्नाचा सारा गुंता तेथे आहे.

ई. कोलायजवळ एक नव्हे, सात प्रकारचे सिग्मा आहेत. नेहमीच्या कामाला सिग्मा-७०. उष्णता वाढली की सिग्मा-३२ पुढे येतो आणि पॉलिमरेजला अशा जनुकांवर नेतो, ज्यांच्यापासून उष्णतेने बिघडलेली प्रथिने सावरणारी मदतनीस प्रथिने तयार होतात. ३७ अंशांवर सुखाने राहणारा जीवाणू ४२ अंशांवर गेला की हा पालट काही मिनिटांत दिसतो. केवढा समंजस निर्णय, असे आपण म्हणू. पण तो घेतला कोणी? आत जाऊन पाहावे तर असे आढळते. डीएनएके नावाचे एक मदतनीस प्रथिन एरवी सिग्मा-३२ ला पकडून ठेवते, आणि पकडलेला सिग्मा लवकरच मोडला जातो. उष्णता वाढली की पेशीत ठिकठिकाणी बिघडलेली प्रथिने साचतात आणि हे मदतनीस तिकडे गुंततात. घरात पाहुणे आले की लेकरांवरची नजर सुटते, तसा सिग्मा-३२ मोकळा सुटतो. शिवाय ज्या आरएनएवरून तो बनतो त्याची घडी उष्णतेने उलगडते, म्हणून तो अधिक बनतोही. मग नवे मदतनीस तयार होतात, बिघाड आवरतात, रिकामे होतात, आणि पुन्हा सिग्मा-३२ ला धरतात. निवड झाली. निवडणारा कोठेही सापडला नाही.

आपल्या पेशींत याहून पुष्कळ अधिक मंडळी जमते. टीबीपी नावाचे एक प्रथिन घोड्याच्या खोगिरासारखे डीएनएवर बसते आणि धागा सुमारे ८० अंशांनी वाकविते. ते ज्या टी-ए-टी-ए अक्षरांना धरते त्यांच्यापासून २५ ते ३० अक्षरे पुढे बहुधा वाचनाला आरंभ होतो. पण माणसाच्या बहुतेक जनुकांना ही खूणच नाही! तेथे दुसरी प्रथिने जागा राखतात, आणि आरंभ एका अक्षरावर न होता अनेक अक्षरांच्या पट्ट्यात पुढेमागे होतो. पॉलिमरेज हे काम कसे करते ते अणूअणूंच्या पातळीवर दाखविल्याबद्दल रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे वडील आर्थर कॉर्नबर्ग यांना १९५९ मध्ये ते मिळाले होते, आणि बारा वर्षांचा रॉजर तेव्हा त्यांच्यासोबत स्टॉकहोमला गेला होता. 'रक्तात आहे' म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आवडेल. ज्या घरात जेवताना प्रयोगशाळेच्या गोष्टी निघतात त्या घरात वाढणे हाही वारसाच आहे, इतकेच आम्ही सुचवितो.

जागा राखण्याचे एक उदाहरण फारच बोलके आहे. दोन मीटरचा धागा इवल्याशा केंद्रकात मावावा म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांभोवती गुंडाळलेला असतो, प्रत्येक रिळावर सुमारे १४७ अक्षरे. जेथून वाचायचे तेथे रीळ असून चालत नाही. एनएफ-वाय हे तीन भागांचे प्रथिन अशा जागी बसते, आणि त्याचे दोन भाग घडणीने हिस्टोनसारखेच आहेत. जणू पाहुण्यासारखा पोशाख करून रखवालदारच ओट्यावर बसला आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना येथील पर्यावरणीय आरोग्यविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेतील संशोधकांनी २०१९ साली दाखविले की, उंदराच्या गर्भातील मूळ पेशींतून हे प्रथिन काढून घेतले तर रिळे त्या मोकळ्या जागेत सरकतात, आणि वाचन भलतीकडूनच, बहुधा नेहमीच्या जागेच्या अलीकडून, सुरू होते. लेखातील एक अक्षरही बदलले नव्हते. फक्त राखणारा उठून गेला होता.

आता प्रश्नाकडे वळू. कोणी घाईने म्हणेल, "पाहा, पेशीलाही निवड आहे, मग मनुष्याला स्वातंत्र्य आहे हे सिद्धच झाले." व्यासपीठावरून असा दृष्टांत देण्याचा मोह आपल्या उपदेशकांना होईल. दुसरा कोणी याच्या उलट म्हणेल. जनुकांवर ताबा ठेवणाऱ्या प्रथिनांची कल्पना फ्रान्स्वा झाकोब यांच्याबरोबर १९६१ मध्ये मांडणाऱ्या झाक मोनो यांनी १९७० साली 'यदृच्छा आणि अनिवार्यता' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले, आणि या रेणूंच्या आधारे मनुष्य विश्वात एकटा आहे असा निष्कर्ष काढला. मोनो मोठे शास्त्रज्ञ होते. परंतु सिग्माला ना मोनोंची बाजू ठाऊक, ना आपल्या उपदेशकांची. प्रथिनाच्या खांद्यावर इतके मोठे ओझे देणे दोन्हीकडून अन्यायाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग या ज्ञानाने आपल्याला काही मिळते की नाही? मिळते. पहिली गोष्ट म्हणजे अक्षरांना चांगले-वाईट म्हणण्याची आपली खोड सुटते. जीएटीए-१ हे प्रथिन तांबड्या पेशी तयार होताना अनेक जनुकांचे वाचन सुरू करून देते. पश्चिम आफ्रिकेत बहुतेक लोकांमध्ये 'डफी' जनुकाच्या आरंभाजवळचे एक अक्षर बदललेले आहे. त्यामुळे जीएटीए-१ तेथे बसू शकत नाही आणि तांबड्या पेशीवर ते प्रथिन येत नाही. हे १९९५ मध्ये उलगडले. परिणाम असा की, आपल्या देशात घरोघरी परिचित असलेला व्हायव्हॅक्स मलेरियाचा जंतू त्या पेशींत बहुतांशी शिरूच शकत नाही. आता मेलानेशियाच्या बेटांकडे पाहा. तेथील काही रुग्णांत हिमोग्लोबिनच्या आल्फा जनुकांपासून दूर, मोकळ्या जागेत, एक अक्षर बदलले आणि त्याच जीएटीए-१ ला बसायला एक नवीच जागा निर्माण झाली. तेथून निरर्थक वाचन सुरू होते आणि खऱ्या जनुकांचे वाचन मंदावते. त्यातून थॅलसेमिया होतो. जनुके स्वतः निर्दोष असूनही! हे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रथिन तेच, बदल एकेका अक्षराचा; एकाचे रक्षण झाले आणि दुसऱ्याला आजार जडला. यात पुण्य कोणाचे आणि दोष कोणाचा? मूल आजारी जन्मले की सून कोणत्या घरची याची चौकशी करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर अवश्य द्यावे.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. आपल्या भाषेतील 'जबाबदार' हा शब्द नीट पाहा. त्यात 'जबाब' आहे. ज्याला विचारता येते आणि जो उत्तर देऊ शकतो तो जबाबदार. सिग्मा-३२ ने चुकीचे जनुक सुरू केले तर "असे का केलेस?" हा प्रश्न तेथे लागूच पडत नाही. कारण सांगता येईल, पण ते आपण सांगू. तो सांगणार नाही. मनुष्याच्या बाबतीत दोन्ही असतात. त्याच्या करणीला कारणेही असतात, आणि त्याला विचारलेही जाते. "माझ्या जीन्समुळे" हे उत्तर देणारा मनुष्य पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला देतो. आम्ही त्याचे कारण खोटे म्हणत नाही. ते खरेही असेल. पण आम्ही ते विचारले नव्हते.

यावर वाचक म्हणतील, मेंदूही पेशींचाच आहे, मग जबाब देणारा तरी कोण? ही शंका रास्त आहे आणि ती अशी चार ओळींत मिटणारी नाही. आम्ही एवढेच पाहतो की, या पेशी बाहेरच्या जगाला बंद नाहीत. शिक्षकाने वर्गात मुलावर हात उगारला की मुलाच्या रक्तात कॉर्टिसोल वाढते. ते पेशींत शिरून एका ग्राहक प्रथिनाला चिकटते, ते प्रथिन केंद्रकात जाते, डीएनएवर ठराविक जागी बसते, आणि काही जनुकांचे वाचन वाढते, काहींचे कमी होते. म्हणजे 'त्याच्या रक्तात काय आहे' असे आपण पुटपुटतो तेव्हा त्याच्या पेशींत काय सुरू करायचे यात आपलाही हात लागून चुकलेला असतो. भीती ओसरली की कॉर्टिसोल उतरते, ग्राहक प्रथिन तेथून सुटते, वाचन पूर्ववत होते. भीती रोजचीच असली तर उतरायला वेळ मिळत नाही.

शेवटी दारूविषयी बोलले पाहिजे, कारण 'रक्तात आहे' हे वाक्य आपल्याकडे सर्वांत अधिक तेथेच वापरले जाते. वारशाचा भाग आम्ही लपवीत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, दारूच्या व्यसनाबाबत माणसामाणसांत जो फरक आढळतो त्याचा सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक आहे. हा हिशेब लोकसमूहातील फरकाचा आहे. अमक्याचा मुलगा निम्मा दारुडा, असा त्याचा अर्थ होत नाही, आणि एका विशिष्ट मुलाचे भविष्य त्यातून काढता येत नाही. पण ज्याच्या घरी हा वारसा आहे त्याला तो ठाऊक असणे बरे. ठाऊक झाल्यावर त्याची सबब वाढते असे पुष्कळांना वाटते. आम्हांला उलटे वाटते. उतारावर घर असलेल्याला पावसाळ्यापूर्वी गटार खणण्याचे कारण शेजाऱ्यापेक्षा अधिक असते.

सोयरिकीच्या बैठकीत मुलाच्या वडिलांची दारू निघाली, तर त्या मुलाला तेथेच समोर बसवून विचारता येते की, बाबा, तू यापुढे काय करणार आहेस? अशा किती बैठकांना मुलाला आत बोलावतात, हे वाचकांना आमच्याइतकेच ठाऊक आहे.